एका बँडची कुप्रसिद्धी आणि इतरांचे यशापयश : ब्रिटिश व अमेरिकन पंक संगीताचा ऐतिहासिक अभ्यास (१९७६ ते १९७९)

प्रस्तावना :

कुप्रसिद्धी ही ज्याच्या नावावर जमा होते त्याच्यापुरती मर्यादित राहत नाही. एखादी व्यक्ती वा गट बदनाम झाला की त्याच्या आसपास वावरणाऱ्या, त्याच्यासारख्या दिसणाऱ्या आणि त्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या सर्वांनाच तिचे परिणाम भोगावे लागतात. 'सुक्याबरोबर ओलेही जळते' ही मराठी म्हण याच अनुभवातून आलेली आहे. तथापि इतिहासात असेही दिसते की, ज्या आगीत काही जण होरपळतात त्याच आगीवर दुसरे काही जण आपली भाकरी भाजून घेतात. कुप्रसिद्धीचा हा दुहेरी परिणाम कोणत्या नियमाने वाटला जातो, हा सांस्कृतिक इतिहासातील एक महत्त्वाचा प्रश्न होय.

या प्रश्नाच्या अभ्यासासाठी १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धातील पंक रॉक संगीताचे उदाहरण विशेष उपयुक्त ठरते. साधी स्वररचना, वेगवान ताल, अल्प वादनकौशल्यावरही उभे राहता येईल असा सादरीकरणाचा बाज आणि प्रस्थापितांविषयीचा उघड तुच्छताभाव ही या संगीताची ठळक लक्षणे होत. ब्रिटनमध्ये या चळवळीचे नाव घराघरांत पोहोचवले ते लंडनच्या 'सेक्स पिस्टल्स' या एका बँडने. या बँडने आपल्या मूळ कारकिर्दीत एकच स्टुडिओ अल्बम प्रसिद्ध केला आणि जानेवारी १९७८ मध्ये तो विसर्जित झाला. परंतु त्याच्या बदनामीने किमान डझनभर समकालीन बँडच्या वाटचालीला वळण दिले. प्रस्तुत लेखात त्या परिणामांचा ऐतिहासिक मागोवा घेतला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१) सेक्स पिस्टल्सच्या कुप्रसिद्धीची जडणघडण कालक्रमाने पाहणे.
२) या कुप्रसिद्धीचा ब्रिटनमधील इतर पंक बँडचे कार्यक्रम, करार व विक्री यांवर झालेला परिणाम तपासणे.
३) अमेरिकेतील परिणाम वेगळा का झाला, याची कारणमीमांसा करणे.

कुप्रसिद्धीची जडणघडण :

सेक्स पिस्टल्सची सुरुवात १९७५ मध्ये लंडनच्या किंग्ज रोडवरील माल्कम मॅक्लॅरेन यांच्या कपड्यांच्या दुकानाच्या परिसरात झाली. मॅक्लॅरेन हेच बँडचे व्यवस्थापक होते. गायक जॉनी रॉटन, गिटारवादक स्टीव्ह जोन्स, ड्रमवादक पॉल कुक आणि बासवादक ग्लेन मॅटलॉक असा हा संच होता. पुढे फेब्रुवारी १९७७ मध्ये मॅटलॉक यांच्या जागी सिड व्हिशस आला. ऑक्टोबर १९७६ मध्ये ई.एम.आय. या बलाढ्य ध्वनिमुद्रण कंपनीने या बँडशी ४०,००० पौंडांचा करार केला. येथपर्यंत हे नाव संगीतविषयक साप्ताहिकांच्या वाचकांपलीकडे फारसे गेलेले नव्हते.

१ डिसेंबर १९७६ रोजी हे चित्र पालटले. थेम्स टेलिव्हिजनच्या 'टुडे' या सायंकाळच्या थेट प्रक्षेपित कार्यक्रमात 'क्वीन' या बँडच्या ऐवजी आयत्या वेळी सेक्स पिस्टल्सना बोलावण्यात आले. निवेदक बिल ग्रंडी यांनी डिवचल्यावर बँडच्या सदस्यांनी थेट प्रक्षेपणात अश्लील शिव्या दिल्या. हे प्रक्षेपण केवळ लंडन विभागापुरते होते. परंतु दुसऱ्या दिवशी राष्ट्रीय वृत्तपत्रांनी त्याला पहिल्या पानावर स्थान दिले आणि प्रकरण देशव्यापी झाले. ग्रंडी यांना दोन आठवड्यांसाठी निलंबित करण्यात आले. ई.एम.आय.च्या हेझ येथील कारखान्यातील कामगारांनी या बँडच्या ध्वनिमुद्रिका हाताळण्यास नकार दिला आणि जानेवारी १९७७ मध्ये कंपनीने करार संपुष्टात आणला. मार्च १९७७ मध्ये ए अँड एम या कंपनीने बकिंगहॅम राजवाड्यासमोर गाजावाजाने स्वाक्षऱ्या घडवल्या आणि आठवडाभरातच तोही करार मोडला. अखेर मे महिन्यात व्हर्जिन कंपनीने त्यांना जवळ केले. राणी एलिझाबेथ यांच्या राज्यारोहणाच्या रौप्यमहोत्सवाच्या तोंडावर प्रसिद्ध झालेल्या 'गॉड सेव्ह द क्वीन' या गीतावर बी.बी.सी.ने बंदी घातली. तरीही ते विक्रीच्या अधिकृत यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोहोचले.

एकूण सहा महिन्यांच्या अवधीत 'पंक' हा शब्द सर्वसामान्य ब्रिटिश नागरिकाच्या दृष्टीने एका बँडच्या वर्तनाचा समानार्थी शब्द बनला. यापुढे त्या शब्दाखाली येणारा प्रत्येक बँड याच वर्तनाच्या मापाने मोजला जाणार होता.

बंद झालेली दारे :

या बदनामीचा पहिला व तात्काळ फटका प्रत्यक्ष कार्यक्रमांना बसला. डिसेंबर १९७६ मध्ये 'अनार्की टूर' या नावाने देशव्यापी दौरा ठरलेला होता. सेक्स पिस्टल्ससोबत 'द क्लॅश', 'द डॅम्ड' आणि न्यूयॉर्कहून आलेला जॉनी थंडर्स यांचा 'हार्टब्रेकर्स' हे बँड त्यात सहभागी होते. ग्रंडी प्रकरणानंतर नगरपरिषदा, विद्यापीठे आणि सभागृहांचे मालक यांनी एकामागून एक परवानग्या रद्द केल्या. ३ डिसेंबर रोजी नॉर्विच येथे व्हावयाचा पहिलाच कार्यक्रम रद्द झाला. ठरलेल्या सुमारे वीस कार्यक्रमांपैकी लीड्स, मँचेस्टर, केअरफिली, प्लिमथ अशा मोजक्याच ठिकाणी प्रयोग होऊ शकले. वेल्समधील केअरफिली येथे तर सभागृहाबाहेर स्थानिक नागरिकांनी नाताळची भक्तिगीते गाऊन निषेध नोंदवला.

येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, दूरदर्शनवरील शिवीगाळीशी क्लॅश, डॅम्ड वा हार्टब्रेकर्स यांचा काहीही संबंध नव्हता. तरीही कार्यक्रम रद्द झाल्याचे नुकसान त्यांनाही सोसावे लागले. डर्बी येथील प्रसंग या दृष्टीने बोलका आहे. तेथील नगरपरिषदेच्या सदस्यांनी परवानगी देण्यापूर्वी बँडनी आपल्यासमोर गाऊन दाखवावे अशी अट घातली. सेक्स पिस्टल्सनी ती धुडकावली. डॅम्डच्या बाजूने मात्र कार्यक्रम करण्याची तयारी दाखवली गेली. परिणामी एकजूट मोडल्याच्या कारणावरून डॅम्डला दौऱ्यातून काढून टाकण्यात आले. ज्या बँडने ऑक्टोबर १९७६ मध्ये 'न्यू रोझ' हे ब्रिटिश पंकचे पहिले सिंगल प्रसिद्ध केले होते, त्याच बँडला नगरपरिषदेच्या लेखी 'पंक' म्हणून आणि सहकाऱ्यांच्या लेखी 'फितूर' म्हणून दुहेरी शिक्षा झाली.

बंदीचे हे सत्र ग्रंडी प्रकरणाच्या आधीच सुरू झाले होते, हेही नमूद केले पाहिजे. सप्टेंबर १९७६ मध्ये लंडनच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवरील '१०० क्लब' येथे दोन दिवसांचा पंक महोत्सव झाला. दुसऱ्या दिवशी डॅम्डच्या वादनाच्या वेळी फेकलेल्या काचेच्या पेल्याने एका तरुणीच्या डोळ्याला इजा झाली आणि क्लबने पंक कार्यक्रमांनाच मज्जाव केला. ग्रंडी प्रकरणाने एका क्लबच्या या निर्णयाला देशव्यापी स्वरूप दिले.

उघडलेली दारे :

सभागृहांची दारे बंद होत असतानाच ध्वनिमुद्रण कंपन्यांची दारे मात्र उघडत होती. कंपन्यांच्या दृष्टीने वृत्तपत्रांची पहिली पाने ही विनामूल्य जाहिरात होती. फक्त त्या जाहिरातीचा लाभ घेण्यासाठी अधिक विश्वासार्ह बँड हवा होता. जानेवारी १९७७ मध्ये, म्हणजे ई.एम.आय.ने सेक्स पिस्टल्सना बाहेर काढले त्याच महिन्यात, सी.बी.एस. कंपनीने क्लॅशशी १,००,००० पौंडांचा करार केला. तोपर्यंत क्लॅशची एकही ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध झालेली नव्हती. एप्रिल १९७७ मध्ये आलेला त्यांचा पहिला अल्बम ब्रिटिश यादीत १२ व्या क्रमांकावर पोहोचला. पॉलिडॉर कंपनीने 'द जॅम' या बँडला अवघ्या ६,००० पौंडांत करारबद्ध केले.

या काळात सर्वाधिक व्यापारी यश मिळवणाऱ्यांत 'द स्ट्रँगलर्स' हा बँड होता. १९७४ मध्ये गिल्डफर्ड येथे स्थापन झालेला हा बँड वयाने व वादनशैलीनेही पंकच्या मुख्य प्रवाहापेक्षा वेगळा होता. एप्रिल १९७७ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा पहिला अल्बम चौथ्या क्रमांकावर गेला. याउलट फेब्रुवारी १९७७ मध्ये आलेला डॅम्डचा अल्बम, जो ब्रिटिश पंकचा पहिला अल्बम होय, ३६ व्या क्रमांकापलीकडे जाऊ शकला नाही.

ई.एम.आय.चे वर्तन या संदर्भात अधिक उद्बोधक आहे. जानेवारीत सेक्स पिस्टल्सशी नाते तोडणाऱ्या या कंपनीने जून १९७७ मध्ये आपल्याच 'हार्वेस्ट' या नाममुद्रेखाली लंडनच्या 'रॉक्सी' क्लबमधील पंक बँडच्या प्रत्यक्ष सादरीकरणांचा एकत्रित अल्बम प्रसिद्ध केला. त्यात 'बझकॉक्स', 'वायर', 'ॲडव्हर्ट्स', 'एक्स-रे स्पेक्स' आदींचा समावेश होता. पुढे वायरचा पहिला अल्बमही हार्वेस्टनेच काढला. यावरून कंपनीला पंक संगीत नको होते असे म्हणता येत नाही. तिला नको होती ती एका नावाबरोबर येणारी जोखीम. त्या नावाने निर्माण केलेले कुतूहल मात्र हवे होते. खुद्द रॉक्सी क्लबची उभारणीही डिसेंबर १९७६ मधीलच आहे; अन्यत्र मज्जाव झालेल्या बँडना हक्काची जागा मिळाली ती तेथेच.

बदनामीच्या केंद्रापासून योग्य अंतर राखणे हे यशाचे एक सूत्र ठरले, असे यावरून दिसते. या सूत्राची दुसरी बाजू 'सूझी अँड द बॅन्शीज' या बँडच्या वाटचालीत आढळते. गायिका सूझी ही ग्रंडी यांच्या त्या कार्यक्रमात सेक्स पिस्टल्सच्या मागे उभी होती. तिचा चेहरा त्या प्रकरणाशी कायमचा जोडला गेला. बॅन्शीजचे कार्यक्रम गर्दी खेचत होते. तरीही त्यांना जून १९७८ पर्यंत करार मिळाला नाही. त्यांच्या चाहत्यांनी लंडनमधील कंपन्यांच्या भिंती रंगवून करार करण्याची मागणी केली. करार झाल्यावर ऑगस्ट १९७८ मध्ये आलेले त्यांचे पहिलेच सिंगल सातव्या क्रमांकावर पोहोचले. यावरून श्रोत्यांची तयारी आधीच होती, उशीर झाला तो कंपन्यांकडून, असा निष्कर्ष काढता येतो. या उशिरामागे बँडची आरंभीची अनघड शैली हेही एक कारण असू शकते. परंतु तितक्याच अनघड पुरुष बँडना १९७७ मध्ये करार मिळाले, ही वस्तुस्थिती दृष्टीआड करता येत नाही. 'द स्लिट्स' हा स्त्रियांचा बँड १९७७ मध्ये क्लॅशसोबत देशभर फिरला. त्यांचा पहिला अल्बम मात्र १९७९ मध्ये निघाला. बदनामीचा लाभ सर्वांना सारखा मिळाला नाही, हे येथे स्पष्ट होते.

तिसरी वाट : स्वतंत्र निर्मिती

ज्यांना मोठ्या कंपन्यांची दारे उघडली नाहीत वा ज्यांना ती ठोठवायचीच नव्हती, त्यांनी तिसरी वाट शोधली. तिचा आरंभ मँचेस्टरमध्ये झाला. ४ जून १९७६ रोजी तेथील लेसर फ्री ट्रेड हॉलमध्ये सेक्स पिस्टल्सचा कार्यक्रम झाला. तो हॉवर्ड डिव्होटो व पीट शेली या दोघा तरुणांनी आयोजित केला होता. उपस्थिती जेमतेम चाळीसच्या आसपास होती. परंतु जून व जुलै महिन्यांतील दोन कार्यक्रमांच्या श्रोत्यांमधून बझकॉक्स, 'जॉय डिव्हिजन' आणि 'द फॉल' हे बँड उभे राहिले. जून महिन्यातील त्या कार्यक्रमाला आपण हजर होतो असे सांगणाऱ्यांची संख्या पुढे सभागृहाच्या क्षमतेहूनही वाढली, हा कीर्तीच्या मानसशास्त्राचा वेगळाच नमुना होय. हे दोन्ही कार्यक्रम ग्रंडी प्रकरणापूर्वीचे आहेत. म्हणजेच येथे परिणाम घडवला तो प्रत्यक्ष सादरीकरणाने, कुप्रसिद्धीने नव्हे.

डिव्होटो आणि शेली यांच्या बझकॉक्सने सुमारे ५०० पौंड उसने घेऊन 'स्पायरल स्क्रॅच' ही चार गीतांची ध्वनिमुद्रिका स्वतःच काढली. जानेवारी १९७७ मध्ये १,००० प्रतींनी आरंभ झालेली तिची विक्री पुढे सुमारे १६,००० प्रतींवर गेली. ग्रंडी प्रकरणाने 'पंक' या शब्दाविषयी जागवलेले कुतूहल या विक्रीच्या पाठीशी होते आणि मोठ्या कंपन्यांवाचूनही निभावता येते हा धडा तिने दिला. 'स्क्रिटी पोलिटी' या बँडने १९७८ मध्ये आपल्या ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर निर्मितीखर्चाचा तपशीलच छापला, जेणेकरून इतरांना तो मार्ग अनुसरता यावा. 'रफ ट्रेड' हे लंडनमधील दुकान १९७८ मध्ये ध्वनिमुद्रण संस्थाही बनले आणि त्याच वर्षी मँचेस्टरमध्ये 'फॅक्टरी'ची स्थापना झाली. कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही, याचा प्रत्यय येथे येतो.

अटलांटिकपलीकडे :

अमेरिकेत मात्र याच कुप्रसिद्धीचा परिणाम विपरीत झाला. तेथील पंक संगीत ब्रिटनपेक्षा जुने होते. न्यूयॉर्कच्या 'सी.बी.जी.बी.' या क्लबमधून 'रॅमोन्स', 'टेलिव्हिजन', 'टॉकिंग हेड्स', 'ब्लाँडी' हे बँड पुढे आले होते. रॅमोन्सचा पहिला अल्बम एप्रिल १९७६ मध्ये, म्हणजे सेक्स पिस्टल्सच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेच्या सात महिने आधी प्रसिद्ध झाला. ४ जुलै १९७६ रोजी रॅमोन्सचा लंडन येथील राउंडहाउसमध्ये झालेला कार्यक्रम ब्रिटिश पंकच्या उभारणीतील महत्त्वाचा टप्पा मानला जातो. म्हणजे ऋण ब्रिटनवर होते. परतफेड मात्र बदनामीच्या रूपाने झाली.

सेक्स पिस्टल्सचा अल्बम २८ ऑक्टोबर १९७७ रोजी ब्रिटनमध्ये आला आणि तेथे पहिल्या क्रमांकावर गेला. एका आठवड्याने, ४ नोव्हेंबर १९७७ रोजी, रॅमोन्सचा 'रॉकेट टू रशिया' हा तिसरा अल्बम अमेरिकेत प्रसिद्ध झाला. बँडला आणि 'सायर' या त्यांच्या कंपनीला यावेळी मोठ्या यशाची अपेक्षा होती. अल्बम ४९ व्या क्रमांकावर थांबला. सेक्स पिस्टल्सच्या बातम्यांमुळे अमेरिकन रेडिओ केंद्रे 'पंक' या शब्दालाच बिचकली आणि आपली संधी हुकली, अशी रॅमोन्सच्या सदस्यांची पुढे कायमची तक्रार राहिली. सायरचे प्रमुख सीमोर स्टाइन यांना हा धोका आधीच जाणवला होता. आपल्या बँडना 'पंक' म्हणू नये, 'न्यू वेव्ह' म्हणावे, अशी मोहीमच त्यांनी हाती घेतली. एखाद्या व्यापाऱ्याने आपल्या मालावरील नाव पुसून टाकण्याची ही धडपड त्या नावाच्या बदनामीचा सबळ पुरावा होय.

या नामांतराचा फायदा ज्यांची शैली लवचीक होती त्यांना झाला. ब्लाँडीने नृत्यसंगीताला जवळ केले आणि १९७९ मध्ये 'हार्ट ऑफ ग्लास' हे त्यांचे गीत अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचले. एल्व्हिस कॉस्टेलो यांना तर सेक्स पिस्टल्सच्या बदनामीने थेट व्यासपीठच मिळवून दिले. सदस्यांच्या गुन्हेगारी नोंदींमुळे बँडचा व्हिसा लांबला आणि डिसेंबर १९७७ मध्ये 'सॅटर्डे नाइट लाइव्ह' या लोकप्रिय कार्यक्रमात त्यांच्या जागी कॉस्टेलो यांना संधी मिळाली. सेक्स पिस्टल्स जानेवारी १९७८ मध्ये अमेरिकेत पोहोचले आणि १४ जानेवारी रोजी सॅन फ्रान्सिस्को येथील कार्यक्रमानंतर फुटले. ऑक्टोबर १९७८ मध्ये न्यूयॉर्क येथे नॅन्सी स्पंगेन हिच्या मृत्यूप्रकरणी सिड व्हिशसला झालेली अटक आणि फेब्रुवारी १९७९ मधील त्याचा मृत्यू यांमुळे अमेरिकन जनमानसातील पंकची प्रतिमा अधिकच काळवंडली.

कारणमीमांसा :

एकाच बदनामीचे दोन देशांत दोन परिणाम का झाले, याचे उत्तर संगीतापेक्षा प्रसारव्यवस्थेत शोधावे लागते. ब्रिटन हा तुलनेने लहान देश. तेथे राष्ट्रीय वृत्तपत्रे व संगीतविषयक साप्ताहिके आठवडाभरात सर्वत्र पोहोचत. सिंगल स्वस्त होते आणि रेडिओने बंदी घातली तरी दुकानात जाऊन ते विकत घेता येत असे. अशा व्यवस्थेत बंदीची बातमी हीच जाहिरात ठरते. अमेरिकेत मात्र श्रोत्यापर्यंत पोहोचण्याचा मुख्य मार्ग स्थानिक व्यापारी रेडिओ केंद्रांतून जात होता आणि ही केंद्रे जाहिरातदारांवर अवलंबून होती. तेथे कुप्रसिद्धीला वाट नव्हती. होते ते केवळ गाळप. खुद्द सेक्स पिस्टल्सचा अल्बमही अमेरिकेत १०६ व्या क्रमांकापुढे गेला नाही, हे या दृष्टीने पुरेसे सूचक आहे.

तथापि रॅमोन्सची तक्रार जशीच्या तशी स्वीकारणे इतिहासलेखनाच्या दृष्टीने योग्य ठरणार नाही. त्यांचा पहिला अल्बम अमेरिकेत १११ व्या आणि दुसरा १४८ व्या क्रमांकावर राहिला होता. हे दोन्ही अल्बम सेक्स पिस्टल्सचे नाव अमेरिकेत सर्वतोमुखी होण्यापूर्वीचे आहेत. त्या मानाने 'रॉकेट टू रशिया'चे यश मोठेच म्हणावे लागते. म्हणजेच रेडिओचा दुरावा आधीपासून होता. कुप्रसिद्धीने त्याला सबब पुरवली. घडलेल्या अपयशाचे सर्व खापर एका बँडवर फोडणे हे जितके एकांगी, तितकेच ब्रिटनमधील सर्व यशाचे श्रेय त्याच बँडला देणेही एकांगी होय.

निष्कर्ष :

१) सेक्स पिस्टल्सच्या कुप्रसिद्धीने ब्रिटनमध्ये प्रत्यक्ष कार्यक्रमांचे क्षेत्र आकुंचित केले, तर ध्वनिमुद्रण करारांचे क्षेत्र विस्तारले. हे दोन्ही परिणाम एकाच काळात घडले.

२) लाभ व हानी यांची वाटणी बदनामीच्या केंद्रापासून असलेल्या अंतरानुसार झाली. क्लॅश, जॅम व स्ट्रँगलर्स यांना लाभ झाला. डॅम्ड व बॅन्शीज यांना किंमत मोजावी लागली. स्त्रियांच्या बँडना ही किंमत अधिक काळ मोजावी लागल्याचे दिसते.

३) बंदीने निर्माण केलेल्या पोकळीतून स्वतंत्र ध्वनिमुद्रण संस्थांच्या वाढीस चालना मिळाली. चळवळीचा हा सर्वांत टिकाऊ परिणाम होय.

४) अमेरिकेत रेडिओकेंद्रित व्यवस्थेमुळे कुप्रसिद्धी ही अडसर ठरली आणि 'पंक' हे नाव टाकून देणाऱ्यांनाच व्यापारी यश लाभले.

रॅमोन्सने ते नाव टाकले नाही. त्यांच्या पहिल्या अल्बमला पाच लाख प्रतींच्या विक्रीबद्दलचे सुवर्णप्रमाणपत्र मिळाले ते २०१४ मध्ये, म्हणजे प्रकाशनानंतर अडतीस वर्षांनी. तोपर्यंत मूळ चार सदस्यांपैकी जोई, डी डी आणि जॉनी हे तिघे निवर्तले होते. चौथे सदस्य टॉमी यांचेही त्याच वर्षी जुलैमध्ये निधन झाले. दुसऱ्याच्या नावावर जमा झालेल्या बदनामीचा हिशेब किती काळ चालू राहतो आणि तो कोणाकडून वसूल होतो, हे समजून घेतल्याशिवाय कोणत्याही कलाचळवळीचा इतिहास पूर्ण होऊ शकत नाही.